अर्धा कोयता

मुकादम दरवर्षी टोळी बांधायला गावात यायचा आणि घराघरापुढं उभं राहून विचारायचा, कोणाचा कोयता? रेणुका दारातूनच सांगायची, "जीवन लिंबाजी." लग्न होऊन आली त्या साली हे उत्तर तिला सासूनं शिकवलं होतं. पुढं ते तोंडात इतकं बसलं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं पाला सोलून मोळी बांधायची आणि डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. दोघं मिळून एक कोयता, आणि त्याला नाव बाप्याचं. जोडीतलं एक माणूस कमी झालं तर उरलेल्याला अर्धा कोयता म्हणतात. अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी फारसं विचारत नाही. ती बाई असली तर नाहीच.

सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या अंगाला त्यांचं गाव. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि होळीच्या आसपास ती उघडतात. रेणुकाच्या घरात मागं फक्त सासू-सासरे उरायचे. सासरे लिंबाजी आता थकलेले, सासू सुमनबाई तोंडानं फटकळ पण नातीवर जीव टाकणारी, नवरा जीवन आणि तिसरीतली लेक भक्ती. शाळेत भक्ती हुशार होती, पण अर्ध्याच वर्षापुरती. सुमनबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळं पोरीला मागं ठेवायची सोय नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आई-बापाबरोबर उसाच्या फडावर असायची, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, भांड्यांची राखण करत.

गेल्या हंगामात त्या कोपीत पोरीला ताप भरला. रेणुकानं मुकादमाला एका दिवसाची सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, तू बसलीस की जीवनचाही कोयता बसला, दोघांचा खाडा धरावा लागेल. ती पोरीच्या कपाळावर ओली चिंधी ठेवून फडात गेली. दुपारी पळत येऊन पाहिलं तर भक्ती कोपीच्या बाहेर, उन्हात, पाण्याच्या रिकाम्या कॅनला टेकून बसली होती. पाणी संपलं म्हणून बाहेर आली होती आणि परत आत जायचं तिला सुचलं नव्हतं. पोर वाचली. पण त्या दिवसापासून रेणुकाच्या मनानं घेतलं, की हिला पुन्हा फडावर आणायचं नाही. कसं, ते काही तिला दिसत नव्हतं.

ते दिसलं ते पावसाळ्यात. एक संस्था गावात आली. तिच्या मधुवंती मॅडम मारुतीच्या सभामंडपात सगळ्यांना बसवून बोलल्या. ऊस तोडायची यंत्रं आता सगळीकडं येणार, ती थांबणार नाहीत. मग ज्यांनी जन्मभर कोयता धरला त्यांच्याच घरातलं माणूस त्या यंत्रावर का बसू नये? संस्था शिकवणार, कारखाना नोकरीवर घेणार. महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला कारखान्याच्या आवारात खोली आणि फाटकाबाहेरच शाळा.

शाळा हा शब्द आला तेव्हा रेणुका उठून उभी राहिली होती. जीवन त्या दिवसांत परभणीला स्लॅबच्या कामावर गेला होता. जमलेले बापे एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होते, नाव द्यायला कुणी पुढं होईना. रेणुका पुढं गेली. मॅडमनी नाव विचारलं आणि तिनं सांगितलं, "जीवन लिंबाजी."

कुणी हसलं नाही. मंडपातल्या कुठल्याही बाईनं असंच सांगितलं असतं.

चूक उघडी पडली ती हजेरीच्या वेळी. कारखान्याच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मॅडमनी जीवन लिंबाजी म्हणून पुकारा केला आणि बायकांच्या बाकावरून हजर असा आवाज आला. सगळी शेड हसली. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, नाव संगणकावर चढलंय, आता मधेच बदललं तर सगळी बॅच अडकेल. तोवर नवऱ्याचं आधार आणून द्या, शेवटी मी स्वतः दुरुस्त करून देते. रेणुकानं आधार आणून दिलं. शिकलेली बाई, तोंडानं दुरुस्त करते म्हणतेय, तिला दोनदा काय विचारायचं, असं तिला वाटलं. पुढं रोज ती नवऱ्याच्या नावाला हजर म्हणत राहिली आणि त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

सकाळच्या एसटीनं ती जायची, संध्याकाळच्या गाडीनं यायची. सुमनबाई पहिले काही दिवस भांडी आपटत राहिल्या. बाईच्या जातीनं इंजिनावर बसायचं म्हणजे काय ते, असं शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत राहिल्या. पण भक्तीची वेणी त्याच घालायच्या आणि सुनेच्या डब्यात लोणच्याची फोड न विसरता टाकायच्या.

शिकवायला एक वयस्क ड्रायव्हर होता. त्यानं आधी यंत्र बंद ठेवून त्याच्या पोटात काय काय आहे ते दाखवलं. शेंडे छाटणारा पंखा कुठं, ऊस बुडातून कापणारी पाती कुठं, तुकडे होऊन ते बाजूच्या ट्रॉलीत कसे पडतात. मग चाऱ्यासाठी राखलेल्या उसात एकेकाला बसवलं. रेणुकाची पाळी आली तेव्हा तिनं तळवे पदराला पुसले आणि दांडा धरला. काचेपुढून ऊस आडवा होत आत जाऊ लागला. एक सरी संपली. तिनं मागं वळून ट्रॉलीत पाहिलं आणि तिला मानेत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. एवढा ऊस डोक्यावरून न्यायला तिला दिवस मावळला असता. तिला रडू आलं. खाली उभे असलेले लोक बघत होते, म्हणून तिनं पदरानं घाम पुसल्यासारखं केलं.

ड्रायव्हर बाकीच्यांना म्हणाला, "हिचा हात बसला. तुमी अजून दांड्याला म्हशीच्या शेपटीवानी धरायलाव."

जीवन परभणीहून आला तेव्हा एका रविवारी तिचं चालवणं बघायला गेला. तिला केबिनमधून उतरताना पाहून तो लहान पोरासारखा खूश झाला. जीवन वाईट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. फडावर पहाटे चूल पेटवून चहा तोच करायचा. मोळी जड झाली तर तिच्या डोक्यावर द्यायच्या आधी चार ऊस गुपचूप काढून घ्यायचा. टोळीतले बापे त्यावरून त्याला चिडवायचे, आणि तो हसून मोकळा व्हायचा. गावात आल्यावर त्यानंच पारावर सांगितलं, की आता आमच्या घरात कोयता गेला आणि हार्वेस्टर आला, बायको रस्त्यानं निघाली की बाजूला व्हायचं. रेणुकानं दळण निवडता निवडता शेजारणीकडून ते ऐकलं आणि मनातल्या मनात त्याची दृष्ट काढली.

प्रमाणपत्रं वाटायचा कार्यक्रम कारखान्याच्या मैदानावर होता. तोवर नाव दुरुस्त झालं नव्हतं. आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, उद्या पाहुणे आहेत, उद्या नको, पण जीवनरावांनी स्टेजवर येऊन सांगितलं तर फारच छान दिसेल, बाई शिकली म्हणून टाळ्या पडतील. जाताना एसटीत दोघांनी ते ठरवलं. तो वर जाणार, माईकवर सांगणार, की नाव माझं पडलंय पण शिकली माझी बायको, तिला वर बोलवा. त्याला भाषणाची सवय नव्हती म्हणून रेणुकानं ते वाक्य त्याच्याकडून म्हणून घेतलं. भक्ती दोघांच्या मधे बसली होती, तिलाही ते पाठ झालं.

पुकारा झाला. जीवन नवा पांढरा शर्ट घालून स्टेजवर चढला. रेणुका बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, चपला पायात घातल्या, वर जायला लागणार म्हणून. पाहुण्यांनी त्याला हार घातला. फोटोवाल्यानं इकडं बघा म्हटलं, तो तिकडं बघून हसला. माईक त्याच्या हनुवटीपाशी होता. त्यानं पाहुण्यांना नमस्कार केला, माईकला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरला.

टाळ्या वाजल्या. शेजारच्या बाईनं रेणुकाच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, नशीब काढलंस बाई, मालकाला नोकरी लागली. कुणीतरी तिच्या हातात पेढा ठेवला. तिनं तो खाल्ला. नाही म्हणायला काय कारण सांगणार?

परतीच्या गाडीत भक्तीनंच विचारलं, बाबा, तुमी ते म्हणलेच न्हाई की.

"एवढ्या माणसांत कसं म्हणू?" जीवन म्हणाला. "बायकोचा कागद घेऊन आला म्हणली असती समदी. जन्मभर तेच झालं असतं मला."

"मंग माझं काय?" रेणुकानं विचारलं.

"तुझं काय म्हणजे? एकाच घरात आलंय न्हवं? महिनाभर मी बसतो. नाव चालू ऱ्हाईल. साहेबाची वळख झाली की सांगतो, अन् तुला बसवतो. माझ्यावर इश्वास हाय का न्हाई?"

तिनं हो म्हटलं. विश्वास होता. जोडीतल्या माणसावर विश्वास ठेवल्याशिवाय ऊस तोडताच येत नाही. कोयता तुमच्या पायाजवळून फिरत असतो आणि तुम्ही पाला सोलत असता.

मग तिनंच त्याला शिकवलं. कारखाना सुरू व्हायच्या आत त्याला किमान दांडे तरी कळायला हवे होते. अंगणात बाजेवर त्याला बसवून तिनं डाव्या हातात लाटणं दिलं, उजव्या हातात पळी. पितळी तांब्या म्हणजे शेंडे छाटायचा पंखा. तो पळी चुकीकडं ओढायचा, की ती त्याचा हात धरून परत आणायची. सुमनबाई उंबऱ्यात बसून हसायच्या, माझं लाटणं मोडशील रे मुडद्या, मंग भाकरीच खा. लिंबाजी ट्रॉली झाले होते, त्यांनी बाजेच्या बाजूनं चालायचं होतं. ते मुद्दाम पुढं पुढं जायचे आणि म्हणायचे, ट्रॉली थांबणार न्हाई, मशीननं पळावं. त्या दिवसांत घरात लय हसू होतं. रेणुकाही हसत होती. जे जे ड्रायव्हरनं तिला सांगितलं होतं ते सगळं तिनं नवऱ्याला दिलं, काही राखून ठेवलं नाही. पाती अडकली तर आधी यंत्र बंद कर, हात घालू नकोस, हे तर तिनं त्याच्याकडून शपथेवर वदवून घेतलं.

जीवन कामावर रुजू झाला. जाताना तिनं त्याला औक्षण केलं.

दिवाळीच्या तोंडावर मुकादम बजरंग दारात आला. रेणुकाला वाटलं सहज आला असेल. तिनं त्याला खाली बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला. बशीत चहा ओतता ओतता तो लिंबाजींना म्हणाला, दिवाळीच्या चौथ्या दिवशी ट्रक लागतो, तुमचं सामान बांधून ठेवा.

"आमचं कसलं सामान?" रेणुकानं आतून विचारलं. "औंदा आमी न्हाई येणार. ते मशीनवर गेले न्हवं."

"जीवन गेला. तुमी दोघं हायेत की, सूनबाई. मामाचा अर्धा, तुमचा अर्धा, झाला एक कोयता. जीवननं आगाऊ उचल घेतलीया की तुमच्या जोडीवर. तुमाला बोलला न्हाई का?"

तिनं लिंबाजींकडं पाहिलं. ते बशीतल्या चहाकडं बघत होते. तिनं सुमनबाईंकडं पाहिलं. सुमनबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. दोघांनाही ठाऊक होतं. अंगणात पळी आणि लाटणं चाललं होतं, सगळे हसत होते, तेव्हाही ठाऊक असणार.

"पोरीचं?" तिनं एवढंच विचारलं.

बजरंगनं सांगितलं, की दरसाल येते तशी येईल. कोपी राखायला कुणीतरी लागतंच.

मुकादम गेल्यावर सुमनबाई चुलीपाशी येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, पोराचं चांगलं व्हायलंय तर होऊ दे, आपण बायकांनी एवढा हिशेब धरू न्हाई. माझ्या नावानं कधी काय झालं गं? मला तर गावात नावानं हाक मारणारंबी कुणी उरलं न्हाई. रेणुकानं ऐकून घेतलं. सासू तिला समजावत होती की स्वतःचं काही सांगत होती, हे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं कारखान्यावर गेली, पण नवऱ्याकडं गेली नाही. मधुवंती मॅडमच्या खोलीत गेली. भिंतीवर बॅचचे फोटो लावले होते. हार घातलेला जीवन मधोमध होता. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, माझं नाव पुढच्या बॅचला घाला, मी परत पहिल्यापासून शिकते.

मॅडमनी खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं. त्यांचा चेहरा खरोखर कसनुसा झाला.

"रेणुकाताई, एका घरातून एकच माणूस घ्यायचं, असा नियम आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या घराचं झालं."

"पण शिकले तर मी. तुमाला ठाऊक हाय."

"मला ठाऊक आहे हो. पण मी आता ते सांगितलं, तर मीच चुकीचं नाव चालवलं असं होईल. माझीही नोकरी आहे. आणि एवढं मनाला का लावून घेता? नोकरी घरातच आली ना? कितीतरी बायांच्या घरात तेवढीही येत नाही."

रेणुका पाणी न पिता उठली. बाहेर ती थोडा वेळ शेडपाशी उभी राहिली. आत नवी बॅच बसली होती. वयस्क ड्रायव्हरनं तिला पाहिलं, ओळखीचं हसला आणि विचारलं, कुठल्या मशीनवर लावलं तुला? तिनं हात जोडले आणि बसथांब्याकडं चालू लागली.

जीवन दिवाळीला एक दिवसासाठी आला. भक्तीला फ्रॉक आणला, बायकोला साडी आणली. रेणुकानं साडी घेऊन पेटीत ठेवली. तिनं विचारलं, महिना झाला, साहेबाला सांगितलं का? तो म्हणाला, साहेब आता कुठं हसून बोलायला लागलेत, घाई केली तर दोघांचंही जाईल. मग तिनं उचलीचं विचारलं. तो चिडला. आईचे गुडघे दाखवायचे होते, घराचे पत्रे बदलायचे होते, मी काही दारूत घातली का, असं तो मोठ्यानं म्हणू लागला. दारूत घातली असं तिनं म्हटलंच नव्हतं. मशीनबरोबर तो गावोगाव फिरत होता, त्यामुळं खोलीही घेतली नव्हती. खोलीचं त्यानं साहेबांना विचारलंच नव्हतं, हे त्याच्या बोलण्यातूनच निघालं. खोली नाही म्हणजे शाळा नाही. हे तो विसरला होता. तिला दगा दिला हे एक वेळ तिनं गिळलं असतं. पोरीचं त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

ट्रक लागला त्या सकाळी पारापाशी गर्दी होती. गाठोडी, पत्रे, कोंबड्या, पोरं. लिंबाजी वळकटी घेऊन आधीच ट्रकवर चढले होते. बजरंग नावं घेत होता. नाव घेतलं की जोडी चढत होती. जीवन लिंबाजी म्हणून पुकारा झाला. या वर्षीही त्याच नावानं. रेणुका गर्दीतून पुढं आली. तिच्या हातात गाठोडं नव्हतं.

"सामान कुठाय?" बजरंगनं विचारलं.

"मी येणार न्हाई."

"आता? अवो, मामा चढलेत. ते एकटे काय करतील?"

"त्यांनाबी उतरवा."

बजरंग आधी हसला, मग त्याचा आवाज चढला. उचल काय तुझा बाप फेडणार का, इथपर्यंत आला. बायका ट्रकवरून बघत होत्या. एक म्हणाली, नवरा मशीनवर बसला की अशी मस्ती येते. रेणुकाला त्या बाईचा राग आला नाही. तिला वाईट वाटत होतं ते फक्त ट्रकवर बसलेल्या म्हाताऱ्याकडं बघून. लिंबाजी वळकटी पोटाशी धरून खाली बघत होते. त्यांच्या वयाला ऊस तोडणं झेपणारं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी हात पुढं केला. तिला वाटलं चल म्हणतायत. पण ते उतरायला आधार मागत होते. तिनं त्यांना धरून खाली घेतलं. ट्रक गेला. घरी आल्यावर लिंबाजींनी वळकटी बाजेवर टाकली आणि पाय पसरून तिच्यावर बसले.

जीवनचा फोन दुपारीच आला. मागं यंत्र घरघरत होतं, त्यामुळं तो ओरडून बोलत होता.

"घात केलास माझा," तो म्हणाला. "मुकादमाला काय तोंड दाखवू? मी तुझ्यावर इसंबून उचल घेतली. सोताच्या बायकोनं असं करावं?"

ती ऐकत राहिली. त्याच्या आवाजात रडू होतं. ते खोटं नव्हतं. आपल्याला फसवलं गेलं असं त्याला खरोखरच वाटत होतं. एवढ्यातून तो एक शब्द तरी बोलेल, की साहेबांना सांगतो, की चुकलं, म्हणून ती फोन कानाला धरून थांबली. तो मुकादमाचं बोलला, आईचं बोलला, लोक काय म्हणतील ते बोलला. मग यंत्राचा आवाज बदलला आणि तो ठेवतो म्हणाला.

पुढं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. बजरंग सोडणार नव्हता. गावात कापूस वेचणीचं काम होतं, ते किती दिवस पुरणार ते दिसतच होतं. नवरा घरी येईल तेव्हा कसा येईल, याची तिला भीती वाटत होती. आजवर तिला त्याची भीती कधी वाटली नव्हती.

सोमवारी शाळा उघडली. दिवाळीनंतरच्या वर्गात भक्ती पहिल्यांदाच बसणार होती. आपण जाणार हे तिला खरं वाटत नव्हतं, म्हणून ती सकाळपासून दप्तर पाठीवरून काढायला तयार नव्हती. सुमनबाई ट्रक गेल्यापासून सुनेशी बोलत नव्हत्या, म्हणून वेणी रेणुकाच घालत होती.

"माय, तू कधी बसणार मशीनवर?" भक्तीनं मान न वळवता विचारलं.

"न्हाई बसणार. तुझे बाबा बसत्यात."

"पण शिकलीस तर तू."

रेणुकानं रिबिनीची गाठ बांधली. ती सैल वाटली म्हणून सोडून परत बांधली.

"व्हय," ती म्हणाली. "शिकले मी. चल, घंटा होईल."